साडेतीन इंचांचा कॉलम

तिसरं जर्नल म्हणजे तिसरं टेम्प्लेट. संशोधन तेच, फक्त आता दोन कॉलम, प्रत्येकी साडेतीन इंच. माझा सात रकान्यांचा तक्ता मावेना. लाटेक तसं प्रामाणिक. 'ओव्हरफुल एचबॉक्स' म्हणून किती पॉइंट बाहेर गेलं तेही सांगतं.

१९७७मध्ये स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून डोनाल्ड नूथ इतके वैतागले, की अक्षरजुळणीचा प्रोग्रामच लिहायला बसले. तो टेक. त्यावरच पुढे लेस्ली लॅम्पोर्टनी लाटेक उभारलं. (असा हट्टी माणूस गाईड म्हणून? नको रे बाबा.)

तक्ता दोन्ही कॉलमांवर पसरवला, सुटला. अडलं ते देवनागरीपाशी. माझा विषय वऱ्हाडीतले शेतीचे शब्द. झीलाटेक देवनागरी सुरेख जुळवतं, पण हे टेम्प्लेट पीडीएफलाटेकचं. 'वखर' दिसला की एरर. रोमनमध्ये लिहा, म्हणे. पण 'तिफण' आणि वऱ्हाडातली 'तिफन' यांत रोमनमध्ये फरक उरतो एका टिंबाचा, आणि माझा अख्खा मुद्दा त्या 'न'वर उभा. शिवाय ज्या आजींनी हे शब्द रेकॉर्डरवर सांगितले, त्यांना छापलेल्या पेपरात स्वतःचा एकही शब्द वाचता येऊ नये?

मग झीलाटेकमध्ये एकेक शब्द जुळवला, त्याची छोटी पीडीएफ केली आणि चित्र म्हणून ओळीत बसवली. असे बत्तीस शब्द. संपादक ठेवतील की काढतील, बघू. 'तिफन'ची वेलांटी वरच्या ओळीला टेकत होती. चित्र दोन पॉइंट खाली घेतलं आणि सबमिट केलं.