मुठीवरचं पितळ

आमच्या कोकणातल्या घरी काळवंडलेलं पितळ म्हणजे घरच्या बाईचा आळस, असाच हिशेब होता. समया, घंगाळ, ताम्हन, पळी-पंचपात्री, सगळ्याला चिंच आणि राख लागायचीच. पुढे पितांबरी आली. पितळ घासायचं असतं हे इतक्या लहानपणी अंगवळणी पडलं होतं की त्यात ठरवण्यासारखं काही असेल, हे आजोबांचा चाकू माझ्याकडे येईपर्यंत कधी मनातही आलं नाही.

चाकू घडीचा, मिटला की तळहातात मावणारा. पात्याच्या मुळाशी ‘शेफिल्ड’ एवढंच आता वाचता येतं. कारखान्याचं नाव धार लावता लावता झिजून गेलं. मूठ शिंगाची, तिच्या दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, आतून पितळेचा पातळ पत्रा आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या पितळी मेखा. आजोबा या चाकूने हापूसची कलमं करायचे. आधी भेटकलमं, नंतर कोयकलमं. ऐन पावसात, आषाढ-श्रावणात, रुजलेल्या कोयीची तांबूस कोवळी पानं दिसू लागली की ते पडवीत बसत. रोपाचा शेंडा छाटायचा, देठात उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा उतार द्यायचा आणि ती चिरेत बसवून पट्टीने गुंडाळायची. मी त्यांच्या शेजारी काड्या ओल्या फडक्यात धरून बसलेली. दोन्ही काप एका फटक्यात, सपाट व्हायला हवेत, नाहीतर सांधा धरत नाही. म्हणून धारेवर त्यांचा फार जीव. पितळेकडे त्यांचं लक्ष गेलेलं मी कधी पाहिलं नाही. घाम, आंब्याचा चीक, ओली माती, सगळं त्यावर बसत गेलं.

चाकू माझ्याकडे आला तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, केवढा काळा झालाय! घासून काढ. खंडेनवमीला असा मांडणार का देवापुढे?” तिचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. खंडेनवमीला कोयता, खुरपं, पहार, विळी धुऊन-पुसून पाटावर मांडायची आणि झेंडू वाहायचा, ही हत्यारांविषयीची खरी कृतज्ञता आहे. ज्याच्यावर पोट चाललं ते मळकट ठेवू नये.

पण मळ आणि काळिमा एक नव्हे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेतल्या प्राणवायूशी आणि गंधकाशी तांब्याचा संयोग होऊन वर जो तपकिरी-काळा थर येतो तो पातळ असतो, घट्ट असतो आणि खालच्या धातूची झीज उलट मंदावतो. चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं. फार वेळ राहिलं तर जस्तही ओढून काढतं आणि पितळ गुलाबीसर पडतं. घंगाळाचा पत्रा जाड, त्याला वर्षानुवर्षं घासलेलं सोसतं. चाकूच्या टोपीच्या कडा बारीक असतात. पॉलिशच्या प्रत्येक हाताबरोबर त्या गोल होतात, कोरलेल्या रेघा बुजतात, मेखांची डोकी सपाट होतात. जुने चाकू जमवणारे पॉलिशला भितात ते एवढ्यासाठीच: गेलेला धातू परत येत नाही.

माझं कारण याहून जवळचं आहे. पात्याकडच्या टोपीच्या एका बाजूला अंगठ्याएवढा भाग अजून उजळ आहे, सोन्यासारखा पिवळा. चाकू उजव्या हातात घेतला तर तिथे काहीच टेकत नाही. डाव्यात घेतला की अंगठा नेमका तिथे पडतो. आजोबा सहीला आणि जेवायला उजवा हात वापरत; तसं त्यांना लहानपणी वळण लावलं होतं. कलम मात्र ते डाव्या हाताने करत. हे कुठल्या फोटोत नाही, कुठे लिहिलेलं नाही. सगळी टोपी सारखी चकचकीत केली, तर ही खूण जगातून जाईल.

हिरवट थर चढतो, त्याची गोष्ट वेगळी. तो धातू खातो, म्हणून तो ठेवायचा नाही. आजोबा पात्याला खोबरेल लावत. ते मेखांपाशी साचून, तेलातल्या आम्लाने तिथे हिरवं धरलं होतं. चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या चाकूंचंही असंच होतं. मी बांबूची काडी टोकदार करून तेवढंच खरवडलं आणि शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवलं. ते खनिज तेल, पितळेला हिरवं करत नाही.

बाटलीतलं पॉलिश मी घरात आणत नाही, कारण काही पॉलिशांत अमोनिया असतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या पलटणींची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात आणि त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकत. त्याचा उलगडा १९२१ साली झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पुंगळी घडवताना धातूत राहून गेलेला ताण, या दोहोंनी मिळून पितळ फुटत होतं. ठोकून बसवलेल्या मेखेतही ताण असतोच, आणि आमच्याकडे दमट हवेला तोटा नाही.

आत्याशी मी वाद घातला नाही. खंडेनवमीला पात्याला धार दिली, शिंगाची मूठ पुसली, चाकू पाटावर मांडला. तिने आधी उजळ भागावर बोट फिरवलं, मग हळद-कुंकू पात्याला लावलं, पितळेला नाही. चुलतभाऊ आता रोपवाटिका सांभाळतो. त्याच्याकडे नवे, प्लॅस्टिकच्या मुठीचे चाकू आहेत. तरी यंदाच्या पावसात पहिली काही कलमं याच चाकूने करायची, असं त्याने ठरवलंय. तो उजव्या हाताचा आहे. त्याचा अंगठा टोपीच्या दुसऱ्या बाजूला पडेल, आणि ती बाजू अजून पूर्ण काळी आहे.