बर्कनहेडची लोकबाग

पत्र पहिले
बर्कनहेड, मे महिना

प्रिय ताई,

लिव्हरपूलहून सुटलेली लोकल मर्सी नदीच्या तळाखालून जाते. हा बोगदा 1886 सालचा. पलीकडे बर्कनहेड हे गोदीचे आणि जहाजबांधणीचे गाव. तिथल्या एका स्टेशनाचे नावच ‘बर्कनहेड पार्क’ आहे. उतरून थोडे चालले की बाग लागते.

मुख्य प्रवेशद्वार एखाद्या संस्थानिकाच्या वाड्याला शोभेल असे आहे. तीन उंच कमानी, दोन्ही बाजूंना आयोनिक धर्तीचे खांब. पण इथे पहारेकरी नाही आणि तिकीटही नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या आया आणि शाळेतून परतणारी मुले सरळ आत शिरतात.

आत गेल्यावर जमीन सतत वर-खाली होत राहते. मूळची ही जागा सखल आणि दलदलीची होती. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून दोन तळी खणली आणि निघालेल्या मातीची टेकाडे रचून त्यांवर झाडे लावली. आज त्या झाडांची मुळे इतकी खोल गेली आहेत की हा चढउतार माणसाने केला आहे, हे सांगूनही पटत नाही.

खालच्या तळ्यावरचा स्विस पूल मुद्दाम थांबून पाहावा असा आहे. लाकडी, डोक्यावर छप्पर असलेला. पुलावर उभे राहिले की तळ्याचे एक टोक दिसते आणि दुसरे बेटाआड लपते. काठ धरून चालत गेले तरी पाणी वळणावळणाने पुढे सरकतच राहते. संपूर्ण तळे एका नजरेत कुठूनच मावत नाही, म्हणून ते आहे त्याहून खूप मोठे वाटते. या दिवसांत काठावरचे ऱ्होडोडेंड्रॉन फुलले आहेत आणि बदकांची पिल्ले त्यांच्या सावलीतून पोहताहेत.

पत्र दुसरे

प्रिय ताई,

ही बाग कुणा उमरावाने दान दिलेली नाही. तिचे खरे मोठेपण त्यातच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्कनहेड हे जेमतेम शे-सव्वाशे वस्तीचे खेडे होते. नदीवर वाफेच्या बोटींच्या फेऱ्या सुरू झाल्या, 1824 मध्ये विल्यम लेअर्डने लोखंडाचा कारखाना काढला, त्यातून जहाजे बांधली जाऊ लागली आणि गाव भराभर फुगले. कामगारांना मोकळी हवा कुठे मिळणार, हा प्रश्न उभा राहिला. 1843 मध्ये संसदेकडून खास कायदा मंजूर करून घेऊन गावाच्या कारभाऱ्यांनी सार्वजनिक पैशातून 226 एकर जमीन घेतली. त्यातली 125 एकर कायमची लोकांसाठी मोकळी ठेवायची आणि भोवतालच्या जागेचे भूखंड पाडून घरांसाठी विकायचे, असे ठरले. बाग झाली की शेजारच्या जमिनीचा भाव चढणार आणि त्या विक्रीतून खर्च निघणार, हा त्यामागचा हिशेब. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली जगातली पहिली लोकबाग म्हणून बर्कनहेडचे नाव घेतले जाते.

आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माळी पुढे 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारून जगप्रसिद्ध झाला. इथे त्याने गाड्यांसाठी वळणदार रस्ते आखले आणि पायी फिरणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा. प्रत्यक्ष कामावर देखरेख ठेवली एडवर्ड केम्पने. 5 एप्रिल 1847 रोजी लॉर्ड मॉर्पेथच्या हस्ते नव्या गोदीचे आणि बागेचे उद्घाटन एकाच दिवशी झाले.

तीन वर्षांनी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा तरुण अमेरिकन शेतकरी इंग्लंड पाहायला आला. गावातल्या एका पाववाल्याने त्याला आग्रह केला, बाग पाहिल्याशिवाय जाऊ नका. तो गेला आणि थक्क झाला. झाडे-तळ्यांपेक्षाही त्याला भावले ते हे, की गरिबातला गरीबही इथे हक्काने फिरतो. 1852 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ते लिहून ठेवले. 1858 मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉक्सबरोबर त्याने केलेला आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. त्या पाववाल्याचे उपकार न्यूयॉर्ककरांनी मानायला हवेत.

पत्र तिसरे

प्रिय ताई,

मर्सीच्या दोन्ही काठांवर वेल्सहून आलेली माणसे पुष्कळ. त्यामुळे 1917 च्या सप्टेंबरात वेल्श लोकांचे राष्ट्रीय काव्यसंमेलन, आइस्टेथवॉड, याच बागेत भरले. सर्वश्रेष्ठ कवीला तिथे कोरीव खुर्चीवर बसवण्याचा मान असतो. विजेत्याचे टोपणनाव पुकारले गेले, पण कुणीच उठले नाही. हेड विन या नावाने लिहिणारा तो मेंढपाळ कवी 31 जुलैलाच पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये फ्लँडर्सच्या रणभूमीवर पडला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे कापड घातले गेले. ती खुर्ची घडवली होती युद्धामुळे घर सोडून बर्कनहेडला आलेल्या एका फ्लेमिश कारागिराने! आज ती वेल्समध्ये कवीच्या राहत्या घरी जपून ठेवली आहे.

बागेतला क्रिकेट क्लब 1846 चा, म्हणजे उद्घाटनाच्याही आधीचा. दादाला हे आवर्जून सांग. 1995 मध्ये या बागेला इंग्लंडच्या वारसा-उद्यानांतला सर्वोच्च दर्जा मिळाला. पुढे तळी, पूल आणि वाटा यांची मोठी डागडुजीही झाली.

पुढचे पत्र चॅट्सवर्थहून. पॅक्स्टन 1826 मध्ये तिथे मुख्य माळी म्हणून रुजू झाला होता आणि तिथली बाग आजही पाहायला मिळते. आईला नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ