पाठभेदांची वही

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगाव, भुकूम मागे टाकून छोटा घाट उतरला की पिरंगुट लागते. कारखान्यांच्या आणि नव्या इमारतींच्या या गावात राहणारी मराठीची एक प्राध्यापिका आणि तिचे सहा पदव्युत्तर विद्यार्थी यांनी मुळशी खोऱ्यातील जात्यावरच्या ओव्या नव्याने नोंदविण्याचे काम हाती घेतले होते. या क्षेत्रात मोठे काम आधीच झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह उभा केलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सर्वपरिचित आहे. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्याचे प्रकाशनही सुरू झाले. या सहा जणांची उडी तेवढी मोठी नव्हती. आपल्याच आज्या-मावश्यांकडून ऐकावे, ध्वनिमुद्रण करावे आणि गूगल डॉक्समधील एका सामायिक दस्तऐवजात सर्वांनी मिळून लिहावे, एवढाच संकल्प होता.

नियम एकच ठरला होता. मूळ लेखनात कोणी थेट हात घालायचा नाही, बदल सुचवायचा. अशी सूचना पानावर वेगळ्या रंगात उमटते, वगळलेल्या शब्दावर रेघ येते, आणि समासात सुचविणाऱ्याचे नाव व वेळ दिसते. ती स्वीकारली किंवा नाकारली की खुणा पुसल्या जातात आणि पान पुन्हा स्वच्छ होते.

एका संध्याकाळी प्राध्यापिकेने दस्तऐवज उघडला तेव्हा पान असेच स्वच्छ होते. चाळीसेक सूचना एका फटक्यात स्वीकारल्या गेल्या होत्या. ‘इठ्ठल’चा ‘विठ्ठल’ झाला होता, ‘व्हतं’चे ‘होतं’ झाले होते, ‘येरवाळी’च्या जागी ‘सकाळी’ आले होते. आवृत्तींचा इतिहास उघडताच हे कोणाचे काम ते कळले. ज्या मुलीच्या आजीने त्या ओव्या गायल्या होत्या, तिनेच हे शुद्धीकरण केले होते. विचारल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, आजीचं बोलणं जसंच्या तसं छापलं तर लोक हसतील.”

शुद्धीकरण हा शब्द मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्ध, परंतु पाठांतराने अबद्ध झालेला, अशी त्यांची भूमिका होती. ज्ञानेश्वरीची परंपरा टिकली यात त्या श्रमांचा वाटा फार मोठा आहे. तथापि कोणती ओवी गाळली, कोणता शब्द बदलला, याची यादी त्या प्रतीबरोबर आलेली नाही. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ प्रसिद्ध केला, तेव्हापासून चाललेल्या वादाचे मूळ याच रिकाम्या जागेत आहे. संपादकाची निष्ठा कितीही निर्मळ असली, तरी खूण मागे राहिली नाही तर पुढच्या वाचकाला विश्वास ठेवणे किंवा संशय घेणे एवढेच उरते.

याउलट उदाहरण पुण्यातलेच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीत नाकारलेला पाठही फेकला जात नाही. तो तळटीपेत किंवा परिशिष्टात जातो. स्वीकारलेला पाठ संदिग्ध असेल तर त्याखाली नागमोडी रेघ येते. संपादक आपला निर्णय देतो आणि तो खोडून काढण्याची साधनेही वाचकाच्या हाती ठेवतो. आजच्या पडद्यावरील रंगीत सूचना ही याच शिस्तीची धाकटी बहीण होय.

प्राध्यापिकेने जुनी आवृत्ती परत आणली आणि एकेक नोंद तपासण्यास आरंभ केला. सहा आठवड्यांपूर्वीच्या एका नोंदीपाशी ती थांबली. ‘आवणीला’ या शब्दाचे ‘आवडीला’ झाले होते, आणि समासातील नाव तिचे स्वतःचे होते. टंकनाची चूक समजून तिने तो शब्द ‘सुधारला’ होता. मावळ-मुळशीत भाताच्या रोपांच्या लावणीला आवणी म्हणतात. चिखलात वाकलेल्या बाईची ओवी त्या एका अक्षराने शेतातून उचलली गेली होती. ही चूक त्या मुलीच्या ध्यानात आली होती. परंतु मॅडमनी केलेला बदल नाकारायचा कसा, म्हणून ती गप्प राहिली होती. इतकेच नव्हे, आपल्या घरचे शब्द चुकीचेच असावेत असा तिचा समज तेथूनच पक्का झाला होता.

येथे यंत्राची मर्यादा उघड होते. कोणी, केव्हा, काय बदलले हे यंत्र सांगते. का बदलले आणि कोण का बोलले नाही, हे सांगत नाही. स्वीकार आणि नकार ही दोन बटणे शेजारी असली, तरी ती दाबण्याचे धैर्य सर्वांना सारखे मिळालेले नसते. शिवाय त्या दस्तऐवजाची नवी प्रत काढली की जुना इतिहास तिच्याबरोबर जात नाही. छापील पुस्तकात तर तो उतरतच नाही. म्हणजे पाठभेदांची वही शेवटी माणसालाच ठेवावी लागते.

पुढील रविवारी दोघी आजींकडे गेल्या. ध्वनिमुद्रण ऐकवून खरा शब्द कोणता, असे नातीने विचारले. आजींनी तीच ओवी पुन्हा म्हटली, आणि यावेळी तिसराच शब्द आला. नात गोंधळली तेव्हा त्या म्हणाल्या, “तवा तसं आलं, आता असं आलं. दोन्ही माझंच हाय की.”

त्या रात्री दस्तऐवजात ‘आवणीला’ हा शब्द परत आला. ‘इठ्ठल’ परतला, ‘येरवाळी’ परतली. आजींचा नवा शब्द तारखेसह खाली टीपेत गेला. ‘आवडीला’ हा पाठही पुसला गेला नाही. ‘संपादकाचा प्रमाद’ अशी नोंद करून प्राध्यापिकेने तो स्वतःच्या नावासह टीपेत ठेवला. ही सूचना स्वीकारण्याचे काम तिने नातीकडे सोपविले. काही मिनिटे ती सूचना तशीच रंगीत राहिली. मग ती स्वीकारली गेली, आणि समासात त्या मुलीची पहिली पृच्छा उमटली : पुढच्या ओवीतला मॅडमनी बदललेला आणखी एक शब्द तपासून पाहावा काय?