दुखत नव्हतं म्हणून

३ जून
सकाळी बारावीतली एक मुलगी आईबरोबर आली. घासताना रक्त येतं म्हणून तिने पुढचे दात घासणंच सोडलं होतं. आईचंही तेच, "दुखावलेल्या जागी कशाला हात लावायचा?" हे ऐकलं की जीव कळवळतो. रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला साचलेल्या चिकट थरातल्या जंतूंमुळे हिरडी सुजलेली असते, म्हणून येतं. घासणं सोडलं की थर वाढतो आणि सूजही. हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६५ चा प्रयोग आम्हाला कॉलेजात शिकवायचे: डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांनी दात घासणं थांबवलं, तर दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्याही झाल्या. मुलगी याच टप्प्यावर आहे, पूर्ण बरी होईल. किटण काढलं. मऊ ब्रश तिरपा धरून हिरडीच्या कडेवर हलकेच कसा फिरवायचा, ते आरशासमोर करून घेतलं.

४ जून
दुपारी शेजारच्या वाडीवरच्या मावशी. पन्नाशीच्या. "खालचा दात हलतोय, तेवढा काढून द्या बाई. दुखत काय न्हाई."
रक्त येतं का? "न्हाई कधी."
मशेरी? पदर तोंडाशी गेला. तंबाखू तव्यावर भाजून घरीच करतात. उठल्याउठल्या लावतात, जेवणानंतर पुन्हा.
हिरड्या वरून घट्ट, काळपट. प्रोब घातला. निरोगी हिरडीत तो १ ते ३ मिलिमीटर जातो. इथे दाढांपाशी ६, ७, एका जागी ८. एक्स-रेत हाड मुळांच्या निम्म्यापर्यंत उतरलेलं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि त्यामुळे आजार झाकला जातो, हे पक्कं ठाऊक आहे. मशेरी लावणाऱ्या बायकांतही मी तेच बघत आले आहे. दुखणं नाही, रक्त नाही, मग दवाखान्यात यावं तरी कशासाठी?
बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, २९०. त्यांना पत्ताच नव्हता. दात राहू दे म्हटलं, आधी साखरेचं बघा. मधुमेहात हिरड्या लवकर खंगतात, आणि हिरड्यांतली जुनाट सूज साखरेला खाली येऊ देत नाही. फिजिशियनला चिठ्ठी दिली.

१८ जून
गोळ्या सुरू झाल्या. भूल देऊन उजवी बाजू केली. हिरडीखालचं किटण काळं, टणक, मुळाला घट्ट धरून बसलेलं. मशीनने मोठे खडे निघाले. बाकीचं हाताने, मूळ गुळगुळीत लागेपर्यंत. वेळ लागतो आणि डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. मला हे काम फार आवडतं.
"साफ केल्यावर दात जास्त हलत्यात म्हनं. आमच्या जावंचं तसंच झालं." जाऊबाई खोटं बोलत नाहीत. किटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात. ते निघालं की आधीच झिजलेलं हाड उघडकीला येतं. सूज उतरली की हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात, गार पाणी झोंबतं. हे मी आधीच सांगते, कारण न सांगता केलं तर माणूस पुन्हा पायरी चढत नाही.

२ जुलै
डावी बाजू. पुढचा तो दात काढावाच लागला, आधारच उरला नव्हता. क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या दोनच आठवडे करायला सांगितल्या, पुढे दातांवर तपकिरी डाग पडतात.
सासूबाई ऐंशीपर्यंत मशेरी लावायच्या, दात शाबूत होते, असं त्या म्हणाल्या. असेलही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतले ४८० मजूर १९७० पासून पंधरा वर्षं तपासले होते, दात घासायची सवय नसलेले. ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. सासूबाई त्या अकरांत असतील, तुम्ही नाही, असं स्पष्ट सांगितलं.

१६ ऑगस्ट
मावशी तारखेआधीच आल्या, घाबरून. मशेरी सोडली आणि घासताना रक्त दिसायला लागलं. "सोडली म्हनूनच बिघडलं!" मला आनंद झाला, पण त्यांना तो कसा पटावा? जी खूण इतकी वर्षं दबली होती ती आता वर आली आहे, हे सावकाश समजावलं. फटींसाठी छोटे ब्रश दिले. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही ही खरी अडचण निघाली. त्याचंही औषध लिहून दिलं, नाहीतर तेवढ्यासाठी डबी पुन्हा उघडली असती.

२४ सप्टेंबर
मापं पुन्हा घेतली. ७ च्या जागा ४ वर आल्या, रक्त जवळजवळ थांबलं. तीन महिन्यांची साखर ९.८ वरून ७.६. श्रेय मुख्यतः गोळ्यांचं. हिरड्यांच्या उपचाराने त्यात साधारण ०.४ चा फरक पडतो असं अभ्यास सांगतात, आणि मला तेवढाही मोलाचा वाटतो. गेलेलं हाड परत यायचं नाही. दर तीन महिन्यांनी यावं लागेल, हे त्यांनी मुलासमोर कबूल केलं.
८ ची जागा मात्र ६ वर अडकली आहे. तिथे हिरडी उघडून साफ करावं लागेल. साखर अशीच राहिली तर डिसेंबरमध्ये करू.