पाण्याचा रकाना

येत्या 20 मार्च 2027 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने आपल्या शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी देहूरोडच्या बुद्धविहारापासून चवदार तळ्यापर्यंत सायकलने जावे, असे माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत टाळ्यांच्या गजरात ठरले. मार्ग कोणता, किती तासांत पोहोचायचे, कोणत्या इयत्तेपासूनची मुले घ्यायची, हे त्या गजरात कोणी विचारले नाही. ते विचारण्याचे काम आम्हा चौघांकडे आले. म्हणून एक वर्ष आधी, मार्च महिन्यातल्याच उन्हात, आम्ही तो मार्ग स्वतः सायकलने जाऊन पाहिला. त्याची ही हकीकत.

आमच्यात एक विज्ञानाचे सर, दोघे मधल्या तुकड्यांतले आणि एक पहिल्या तुकडीतले, एस.टी.च्या नोकरीतून निवृत्त झालेले. वसतिगृहात आम्ही लहान होतो तेव्हाही त्यांना दादा म्हणायचो, आजही दादाच म्हणतो. त्यांनी यावे की नाही यावर दबक्या आवाजात चर्चा झाली होती. ती त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी सर्वांत आधी सायकलचे तेलपाणी करून घेतले.

देहूरोड हे प्रस्थानस्थान का, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही; नव्या मुलांसाठी दोन ओळी. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची तेथे प्रतिष्ठापना केली. त्याच तारखेला, सत्तावीस वर्षांपूर्वी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. ही दोन ठिकाणे एका रस्त्याने जोडावीत, एवढीच कल्पना. बाबासाहेब स्वतः या रस्त्याने महाडला गेले असा दावा आम्ही करत नाही. डिसेंबर 1927 च्या परिषदेसाठी ते मुंबईहून बोटीने आले, दासगावच्या बंदरावर उतरले आणि तेथून महाडपर्यंत पायी गेले. माहितीपत्रकात कोणी ‘बाबासाहेबांच्या पाऊलखुणांवरून’ असे छापायला निघाले तर त्यांना आवरावे, ही विनंती येथेच करून ठेवतो.

दूर पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचे नियम सरांनी आधीच अभ्यासले होते. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची फेरी 1891 पासूनची. आज तिचे अंतर 1200 किलोमीटर आणि मुदत 90 तासांची आहे. त्याच परंपरेतल्या 200 किलोमीटरच्या फेरीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी साधारण 15 किलोमीटर. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो; मुदतीत पोहोचला तो पोहोचला. मध्ये ठरावीक थांब्यांवर प्रत्येकाच्या कार्डावर शिक्का मारतात. हे सर्व आम्हाला फार आवडले. आमचे अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडे वर भरत होते. साडेदहा तास! पहाटे चारला निघावे, दुपारी अडीचला महाड. कागदावर हे अगदी सोपे होते.

सरांनी एक जाड नोंदवही आणली होती. तिच्यात रकाने आखले होते : अंतर, वेळ, रस्ता, धोका, सावली, पाणी. पाण्याचा रकाना सर्वांत शेवटी, समासाला लागून, जेमतेम दोन बोटे रुंदीचा.

विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन आम्ही अंधारातच निघालो. पुण्याच्या बाह्यवळणाच्या रस्त्याविषयी फार लिहीत नाही. पहाटेही तेथे ट्रकांची रांग तुटत नाही, आणि ‘धोका’ या रकान्यात सरांनी तेथे एकच शब्द लिहून त्याखाली तीन रेघा मारल्या. नव्या बोगद्यातून मुलांना नेणे आम्हाला मान्य नव्हते. त्याऐवजी कात्रजचा जुना घाट आणि जुना बोगदा घ्यावा, चढ पडेल पण जीव सुरक्षित राहील, यावर चौघांचे एकमत झाले. शिंदेवाडीला महामार्ग पुन्हा भेटतो. खेड शिवापूर, नसरापूरचा फाटा, कापूरहोळ. तेथून उजवीकडे वळले की महामार्ग मागे पडतो आणि माणसाला स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येऊ लागतो. भोरला पोहोचलो तेव्हा ऊन वर आले होते, मुदतीपेक्षा वीस मिनिटे पुढे होतो, आणि मिसळ खाताना धाकट्याने जाहीर केले की संध्याकाळी पाचच्या आत परतीच्या गाडीत बसू.

पाण्याच्या रकान्यात इथपर्यंत प्रत्येक ओळीला आम्ही एकच शब्द लिहिला होता : मुबलक.

भोरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो आणि बराच काळ नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेने जातो. डाव्या-उजव्या वळणांत निळे पाणी दिसते, नाहीसे होते, पुन्हा दिसते. ते दिसते, पण मिळत नाही. रस्ता उंचावर, पाणी खोल, मधला उतार मुरमाड, आणि उतरून गेले तरी ते गाळल्या-उकळल्याशिवाय पिण्याजोगे नाही. जी एक-दोन दुकाने लागली ती बंद होती. आमच्या बाटल्या हळूहळू हलक्या झाल्या. नंतरच्या मोठ्या टप्प्यात नोंदवहीत लिहिण्यासारखे काही नव्हते. मधल्या तुकडीतल्या एकाच्या पोटरीत गोळा आला. त्याने सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसून पाय चोळू लागला. त्याच्या बाटलीत घोटभर पाणी उरले होते. दादांच्या बाटलीत तेवढेही नव्हते. त्यांनी आपले पाणी कधीच वाटून टाकले होते आणि आम्हाला ते कळलेही नव्हते.

वरंध घाटाच्या अलीकडच्या एका वाडीत, रस्त्यालगत, कौलारू घर दिसले. ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत होत्या. आम्ही तिघे रस्त्यावरच थांबलो. घाम पुसण्याचे निमित्त होते. खरे म्हणजे अनोळखी दारात पाणी मागायला कोणी पुढे व्हायचे, हे एकमेकांवर ढकलत होतो. शेवटी दादा गेले.

“आजी, पाणी मिळंल का?”

“मिळंल की. या, सावलीला बसा.” त्या आत गेल्या, तांब्या भरून घेऊन आल्या.

आणि दादा ओट्याच्या खाली, अंगणात, उकिडवे बसले. मान खाली घातली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली.

आम्ही पाहत होतो. आजीही क्षणभर तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “आवं, तांब्याच घ्या की हातात. वंजळीनं का पिताय?”

दादांनी मान वर केली. आपण काय केले हे त्यांना तेव्हा कळले असावे. ते उठले, तांब्या घेतला आणि उभ्यानेच प्यायले. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडले. नंतर, घाट चढताना, आम्ही काही विचारले नसताना ते एवढेच बोलले, “लहानपणी वरून ओतायचे. हात अजून विसरले नाहीत.” पहिल्या तुकडीतली मुले कोठून, कशी या शाळेत आली हे आम्ही अनेक स्नेहसंमेलनांत ऐकले होते. भाषणातले ते ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या. ते आम्ही पाहिले मात्र त्या अंगणात पहिल्यांदाच.

पण सांगायची गोष्ट याच्या पुढची आहे. आजींनी दुसरा तांब्या आणला, तिसरा आणला. सर उत्साहात नोंदवही काढून म्हणाले की हा उत्तम थांबा आहे, सावली आहे, माणसे चांगली आहेत, पुढच्या वर्षी साठ-सत्तर सायकलस्वार येतील त्यांनाही येथे पाणी घेता येईल का? आजी हसल्या. त्यांनी आम्हाला घराच्या आत, दाराशी नेऊन दाखवले. दोन हंडे आणि एक कळशी. एक हंडा रिकामा. “समदं ह्येच. पावसाळ्यात घरात धो धो येतंय, आन् शिमगा सरला की झरा आटतो. मग खाली जायचं, येक खेप करायला सकाळ जाती.” नीरेचा उगम याच डोंगरांतला. पाऊस येथे असा कोसळतो की रस्ते वाहून जातात. पण काळ्या कातळात पाणी मुरत नाही, उतारावरून निघून जाते आणि खालच्या धरणात साठते. तेच निळे पाणी आम्ही सकाळभर पाहत आलो होतो.

आम्ही चौघे मिळून त्या घरातले जवळजवळ कळशीभर पाणी प्यायलो होतो. धाकट्याने तर तोंडावरही मारून घेतले होते.

घाटाच्या माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी थांबलो. सरांनी नोंदवही उघडली आणि त्या वाडीसमोर आधी लिहिलेले ‘थांबा’ खोडले. त्यावरून आमच्यात खरा वाद झाला. एक म्हणाला, गावाला आधी कळवू, पैसे देऊ, लोक आनंदाने व्यवस्था करतील. दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी 1927 च्या मार्चमधल्या परिषदेची आठवण काढली. महाडला जमलेल्या हजारो माणसांसाठी तेव्हा चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झालेला, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केलेले, आणि तरी पाणी विकत. “त्यांनी विकत घेतलं, कुणाच्या हंड्यातलं नाही काढलं,” दादा म्हणाले. “आपण शताब्दी करायची आणि वाटेत बायांची एकेक खेप वाढवायची?”

वाद तेथे संपला असे नाही. पैसे देणाऱ्याचा मुद्दाही अगदीच चुकीचा नव्हता. पण ‘थांबा’ खोडलेलाच राहिला.

उताराचे थोडक्यात सांगतो, कारण समितीला त्याचीच काळजी जास्त आहे. जुलै 2021 च्या ज्या पावसात महाड तालुक्यातले तळीये गाव दरडीखाली गेले, तो याच डोंगररांगेतला. मार्चमध्ये दरडीचे भय नसते. भय असते ते ब्रेकचे. लागोपाठच्या वळणांत ब्रेकचे रबर रिमवर घासून जळका वास येऊ लागला आणि आम्ही तीनदा थांबून चाके निववली. वसतिगृहातल्या बहुतेक सायकलींचे मागचे ब्रेक नावालाच आहेत, हे आपण सर्व जाणतो. ते बदलल्याशिवाय एकही मूल या घाटात उतरू नये, असे आम्ही लेखी दिले आहे.

खाली वरंध गावाशी कोकणची हवा अंगावर आली, दमट आणि तापलेली. बिरवाडीला कोकम सरबताचे दोन-दोन पेले प्यायलो तेव्हा घड्याळात अडीच वाजून गेले होते. सरांचे साडेदहा तास तेथेच संपले. महाडच्या हद्दीत आलो तेव्हा साडेतीन झाले होते. पॅरिसच्या नियमाने आम्ही नापास.

तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो. काही मुले कठड्यावर वाकून मासे पाहत होती. दादांनी बूट काढले, खालच्या पायरीपर्यंत गेले आणि पाण्यात हात बुडवून तसेच उभे राहिले. आम्ही त्यांच्याजवळ गेलो नाही.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी समितीसाठी अहवाल लिहिला. एका दिवसाऐवजी दोन दिवस घ्यावेत, पहिला मुक्काम भोरला. नववीच्या खालची मुले नकोत. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून उन्हाच्या आधी घाटमाथा गाठावा. वेळ उरल्यास महाडलगतची गांधारपाले लेणी मुलांना दाखवावीत. भोर ते बिरवाडी या टप्प्याचे सर्व पाणी आपल्या टेम्पोतून न्यावे. वाटेत कोणाच्याही दारी भरू नये. पाण्याचा रकाना अपुरा पडला म्हणून सरांनी ही शेवटची ओळ पान आडवे धरून समासात लिहिली.

सकाळी सायकली टेम्पोत चढवल्या. महाडच्या बाजारात वीस-वीस लिटरचे दोन जार घेतले आणि त्याच घाटाने परत निघालो. वाडीशी टेम्पो थांबवला. आजींच्या घराचे दार ओढून घेतलेले होते. ओट्यावर तांब्या पालथा घातलेला. शेजारच्या अंगणातल्या पोराला विचारले तेव्हा तो म्हणाला, “आजी न्हाई. पान्याला गेली.”

आम्ही जार ओट्यावर, सावलीच्या बाजूला ठेवले आणि निघालो.