निखळलेले कोपर

मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, ही म्हण आम्ही वर्गात कैक वर्षे शिकवीत आलो. नकोशा माणसाला कोपरापासून नमस्कार घालण्याचा वाक्प्रचारही विद्यार्थ्यांकडून पुष्कळदा वाक्यात योजून घेतला. भाषेत एवढा दांडगा असणारा हा सांधा शरीरात मात्र फार नाजूक तोल सांभाळून असतो. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून आमचे उजवे कोपर निखळले, दोन हाडेही मोडली आणि हा तोल आम्हांस नव्याने शिकावा लागला.

कोपर नुसते निखळले तर भूल देऊन ते जागेवर बसवता येते आणि बहुधा तेवढ्यावर भागते. हाडे मोडली की गोष्ट बदलते. अल्ना या हाडाला पुढच्या बाजूस कोरोनॉइड नावाचा लहानसा उंचवटा असतो. कावळ्याच्या चोचीसारख्या आकारामुळे ग्रीक भाषेतील कावळ्यावरून त्याला हे नाव मिळाले. हात मागे सरकू लागला की हा उंचवटा खुंटीसारखा आड येतो. बाहेरच्या अंगाने रेडियसचे डोके टेकू देते. सांधा निखळणे, ही चोच तुटणे आणि ते डोके फुटणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर तिला 'टेरिबल ट्रायड' म्हणतात. हॉचकिस या अमेरिकी शल्यविशारदाने १९९६ साली हे नाव दिले. विशेषणांच्या बाबतीत एरवी कंजूष असलेल्या वैद्यकाने 'भीषण' म्हणावे, यास कारण होते. असे कोपर एक तर पुन्हा निखळे, नाही तर आखडून बसे.

शस्त्रक्रिया साधारणतः आतून बाहेर अशा क्रमाने होते. आधी कोरोनॉइड, मग रेडियसचे डोके (तुकडे जोडण्याजोगे नसल्यास त्या जागी धातूचे), आणि शेवटी बाहेरचा अस्थिबंध हाडाला पुन्हा शिवायचा. परंतु खरा पेच पुढेच आहे. हाडाला स्वस्थता हवी असते आणि सांध्याला हालचाल. तीन-चार आठवडे कोपर जखडून ठेवले तर ते आखडण्याची भीती वाढते. म्हणून दुरुस्ती पक्की असेल तर काही दिवसांतच ते बेताने हलवू लागतात.

त्या दिवसांत आत्या म्हणाली, "बाळा, एकदा गावच्या हाडवैद्याकडून चोळून घे. हात मोकळा होईल." तिच्या मायेला नाही म्हणणे जड गेले. पण दुखावलेल्या कोपराला जोराने चोळल्यास वा ताणल्यास स्नायूंत नको तेथे हाड धरू शकते, हे डॉक्टरांनी बजावले होते. ज्याचे त्यानेच, स्वतःच्या बळाने, वेदनेच्या काठाकाठाने हात वाकवायचा, हाच व्यायाम. तेव्हा वहीवर सही करता येईना आणि वर्गात पुन्हा फळ्यापाशी उभे राहता येईल की नाही, या विचाराने झोप लागत नसे.

१९८१च्या एका अभ्यासाने दाखवले की, रोजची बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या वाकण्यात होतात. आमचे कोपर आज पुरते सरळ होत नाही. शेवटचे २५ अंश राहून गेले. घास तोंडाशी पोचतो, खडूही चालतो. फळ्याच्या अगदी वरच्या ओळीसाठी तेवढे चवड्यांवर उभे राहावे लागते.

कुणावर हा प्रसंग आलाच, तर प्लास्टर कधी निघणार एवढेच विचारून थांबू नये. हात हलवायला कधी लागायचे आणि कुठवर, हेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे.