बाईंचा अभ्यास

बालमित्रांनो, परीक्षा काही तुम्हालाच असते असं नाही बरं का! सध्या मलाही आहे.

मी भोर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. बारावीनंतर डी.एड. केलं, नोकरी लागली, मग बाहेरून मराठी विषय घेऊन बी.ए. झाले. आणि आता मानसशास्त्रात पीएच.डी. करायची तयारी चालली आहे. "बाई, मराठी कुठं नि मानसशास्त्र कुठं!" असं एस.टी.त भेटणारे पालक म्हणतात. कुणी हळूच विचारतं, "मग आमच्या मनातलं ओळखता का?" छे हो! तेवढं येत असतं तर वही न उघडताच गृहपाठ कुणी केला नाही ते कळलं असतं.

मराठीच्या पदवीवरून थेट पीएच.डी.ला उडी मारता येत नाही. आधी मानसशास्त्रात एम.ए. हवं, तेही निदान ५५ टक्क्यांनी. मी ते नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने केलं. (ती सोय २०२५-२६ पासून यूजीसीने मानसशास्त्रासाठी बंद केली. ताई-दादांनो, तुम्हाला कॉलेजातच जावं लागेल.) आता 'नेट' परीक्षा. तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण. पेपर इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. त्यामुळे रात्री भांडी आवरली की मी पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन बसते. घरातला मुलगा म्हणतो, "आई, झोप आता!"

सगळ्यात घाम फोडला तो संख्याशास्त्राने. मानसशास्त्रात एवढं गणित कशाला? समजा, एका वर्गातली पाच मुलं मिनिटाला २०, ३०, ४०, ५० आणि ६० शब्द वाचतात. दुसऱ्या वर्गातली ३८, ३९, ४०, ४१ आणि ४२. सरासरी काढा बरं. दोन्हीकडे ४०! पण पहिल्या वर्गात वीस शब्दांवर अडलेलं एक मूल आहे, ते सरासरीत दिसतच नाही. मुलं सरासरीपासून किती लांब-लांब आहेत हे मोजण्याला 'प्रमाण विचलन' म्हणतात. ते समजलं तेव्हा मला माझाच वर्ग नव्याने दिसला.

शाखा बदलणारी मी पहिली नव्हे. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी १९१८ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायींसारख्या प्राण्यांवर! पुढे पॅरिसमध्ये ते मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेऊ लागले. बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनीच त्यांना गुंगवलं. मुलं असंच का म्हणतात, हे शोधण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं.

आपल्याकडे डॉ. वि. वि. पेंडसे, म्हणजे अप्पा, यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली. तिथल्या प्रज्ञा मानस संशोधिकेत मुलांच्या बुद्धीवर संशोधन चालतं. प्रबोधिनीचं काम भोरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या शिवापुरातही आहे. एस.टी. तिथून पुढे गेली की माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळायला लागतो.

एकदा वर्गात मी विचारलं, "कोंबडी, गाय, गवत. यांतली जोडी लावा." पुस्तकी उत्तर कोंबडी आणि गाय, कारण दोन्ही प्राणी. पण डोंगरावरच्या वाडीतून येणारी एक मुलगी म्हणाली, "गाय नि गवत. गवत नसलं तर गाय जगंल कशी?" आता सांगा, हिला शून्य गुण द्यायचा? उत्तर चुकलं, की प्रश्न काढणाऱ्याने वाडी पाहिलीच नव्हती? पीएच.डी.त मला हेच शोधायचं आहे. त्यासाठी अशी पुष्कळ मुलं, पुष्कळ प्रश्न आणि ते विचलन, सगळंच लागेल.

तुम्ही कोणती जोडी लावली? घरी आजीला विचारून पाहा, भावाला विचारा. फक्त आपलं उत्तर आधी सांगू नका, आणि "का?" विचारायला विसरू नका!